अभिजात संध्याकाळ : ब्रिटिश दूरचित्रवाणीचा प्रयोग आणि उरलेली संहिता

1992च्या पूर्वार्धात ब्रिटनमधील ‘चॅनल फोर’ या वाहिनीने आपल्या शनिवारच्या रात्री ‘टीव्ही हेवन’ नावाच्या उपक्रमाला दिल्या होत्या. दर शनिवारी गतकाळातील एक वर्ष निवडायचे आणि त्या वर्षीच्या कार्यक्रमांतून वेचून रचलेली एक सबंध संध्याकाळ प्रेक्षकांपुढे ठेवायची, अशी त्याची योजना होती. निवेदक होते फ्रँक म्यूर. नभोवाणीवरील विनोदी लेखनापासून आरंभ करून पुढे बीबीसी आणि लंडन वीकएंड टेलिव्हिजन या दोन्ही संस्थांत विनोदी कार्यक्रमांची धुरा वाहिलेले म्यूर हे त्या गतकाळाचे जिवंत साक्षीदारच होते. त्याच वर्षी ऑगस्टअखेर बीबीसी-2ने फसलेल्या कार्यक्रमांची एक रात्र ‘टीव्ही हेल’ या नावाने सादर केली. आणि 1 नोव्हेंबरला ‘यूके गोल्ड’ ही बीबीसी आणि थेम्स टेलिव्हिजन यांच्या जुन्या संग्रहावर चालणारी उपग्रह वाहिनी सुरू झाली. स्वर्ग, नरक आणि सुवर्ण हे तिन्ही एकाच वर्षात अवतरले, हा योगायोग मानणे कठीण आहे. जे माध्यम पन्नासच्या दशकात आपले प्रक्षेपण जपून ठेवण्याच्या लायकीचे मानत नव्हते, त्या माध्यमाने या वर्षी स्वतःचा अभिजात वारसा असल्याचे जाहीर केले.

‘अभिजात’ हे विशेषण साहित्यविचारातून येथे आले आहे. मराठीत तर 3 ऑक्टोबर 2024च्या केंद्र सरकारच्या निर्णयानंतर या शब्दाला एक शासकीय अर्थही प्राप्त झाला आहे आणि त्याचा वाङ्मयीन अर्थ काहीसा झाकोळला गेला आहे. टी. एस. एलियट यांनी 1944मध्ये व्हर्जिल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात अभिजाताची ओळख मागे वळून पाहतानाच पटू शकते, घडत असताना नव्हे, अशी भूमिका मांडली होती. फ्रँक कर्मोड यांनी 1975च्या ‘द क्लासिक’ या ग्रंथात तिला मुरड घातली आणि बदलत्या काळाला नवनवे अर्थ पुरवत राहण्याची क्षमता ही अभिजाताची खूण मानली. या दोन्ही भूमिकांत एक गोष्ट गृहीत आहे : मागे वळून पाहिले असता कलाकृती जागेवर आहे. ‘इनीड’ हाती आहे, म्हणूनच ते अभिजात आहे की नाही, हा वाद घालता येतो. दूरचित्रवाणीच्या बाबतीत नेमके हे गृहीतच कोसळते. (एलियट यांना या माध्यमाविषयी फारसे ममत्व नव्हते. अमेरिकेतून परतल्यावर डिसेंबर 1950मध्ये ‘द टाइम्स’ला पत्र लिहून त्यांनी दूरचित्रवाणी पाहण्याच्या सवयीविषयी चिंता व्यक्त केली होती.)

मराठी नाट्यसमीक्षेने संहिता आणि प्रयोग हा भेद फार पूर्वीपासून हाताळला आहे. नाटकाची संहिता मुद्रित होऊन टिकते, प्रयोग रंगमंचावर घडतो आणि संपतो, आणि नाटकाचे खरे अस्तित्व या दोहोंपैकी कोठे मानावे यावर पिढ्यांमागून पिढ्या वाद झडले आहेत. ब्रिटिश दूरचित्रवाणीची पहिली दोन दशके या परिभाषेतून पाहिली की बऱ्याच गोष्टी स्पष्ट होतात. 2 नोव्हेंबर 1936 रोजी अलेक्झांड्रा पॅलेस येथून बीबीसीची दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली. 1 सप्टेंबर 1939 रोजी युद्धामुळे थांबली. 7 जून 1946 रोजी पुन्हा सुरू झाली. या काळातील नाट्यकार्यक्रम मुख्यतः थेट होत असत, म्हणजे नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून बोलत असे त्याच क्षणी घराघरांत दिसत असे. त्या कार्यक्रमाला प्रयोग म्हणणे हे रूपक नाही, ते शब्दशः खरे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 12 डिसेंबर 1954 रोजी, रविवारी रात्री, सादर झालेले ‘नाइन्टीन एटी-फोर’. जॉर्ज ऑर्वेल यांच्या 1949च्या कादंबरीचे हे रूपांतर नायजेल नील यांनी केले होते, दिग्दर्शन रुडॉल्फ कार्टिअर यांचे होते आणि विन्स्टन स्मिथची भूमिका पीटर कुशिंग यांनी केली होती. लाइम ग्रोव्ह येथील स्टुडिओतून जवळजवळ दोन तास चाललेला हा प्रयोग, मधूनमधून आधी चित्रित केलेले तुकडे जोडलेले असले तरी, मूलतः थेट होता. ख्रिसमस जवळ आलेला, रविवारची रात्र, कुटुंब एकत्र बसलेले. आणि पडद्यावर छळाची ती खोली. दुसऱ्या दिवसापासून वादळ उठले. संसदेत कार्यक्रमाचा निषेध करणारे ठराव मांडले गेले आणि त्यांना उत्तर देणारे ठरावही आले. त्या काळच्या प्रथेनुसार रविवारचे नाटक त्याच आठवड्यात गुरुवारी पुन्हा होत असे. मात्र या ‘पुन्हा’चा अर्थ आज आपण घेतो तसा नव्हता. गुरुवारी सारे नट परत स्टुडिओत येत, वेश चढवीत आणि नाटक नव्याने करीत. गुरुवारचा प्रयोग रद्द करावा असा दबाव असताना बीबीसीने तो होऊ दिला, आणि 16 डिसेंबरला सुमारे 70 लाख लोकांनी तो पाहिला.

आज जी चित्रफीत उपलब्ध आहे ती या गुरुवारची आहे. ज्या रविवारने देश हादरला, ज्यावर ठराव आले, अग्रलेख आले, तो रविवारचा प्रयोग कोणीही मुद्रित केला नव्हता. तो हवेत विरून गेला. तेव्हा ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही ब्रिटिश दूरचित्रवाणीची अभिजात कृती आहे असे विधान समीक्षक करतो तेव्हा तो नेमके कशाविषयी बोलत असतो? तिची कीर्ती रविवारची आहे, तिचे अस्तित्व गुरुवारचे आहे. गुरुवारचे नट आता देशभर गाजलेल्या नाटकात काम करीत होते. गुरुवारचे प्रेक्षक आपण काय पाहणार आहोत हे जाणून, काहीसे सावरून बसलेले होते. साहित्याच्या संहितासंपादनात पहिली आवृत्ती आणि सुधारित आवृत्ती यांच्यातील अंतर मोजण्याची काही एक पद्धत असते. येथे मोजण्यासाठी पहिली आवृत्तीच नाही. त्यातही ज्या कादंबरीचा नायक जुनी वृत्तपत्रे दुरुस्त करून मूळ प्रती स्मृतिविवरात टाकण्याची नोकरी करतो, तिच्याच बाबतीत हे घडावे, ही विडंबना कोणत्याही लेखकाला सुचली असती तर ती जरा ठळकच वाटली असती. बीबीसीने 1965मध्ये हीच कादंबरी पुन्हा सादर केली. ती आवृत्तीही हरवली, आणि 2010मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये इतर अनेक ब्रिटिश नाटकांसह सापडली, पण मधला एक तुकडा नसलेली.

थेट प्रक्षेपणाचे मुद्रण करण्याची जी पद्धत तेव्हा होती तिच्यात एका विशेष पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा ठेवून त्या पडद्याचेच चित्रण करीत. ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ ही नील आणि कार्टिअर यांचीच सहा भागांची मालिका जुलै-ऑगस्ट 1953मध्ये थेट सादर झाली. तिचे पहिले दोनच भाग उरले आहेत. दुसऱ्या भागाच्या मुद्रणात त्या पडद्यावर येऊन बसलेला एक कीटक स्पष्ट दिसतो. कथेत नसलेला, प्रेक्षकांनी कधी न पाहिलेला हा कीटक आता त्या कृतीचा कायमचा घटक झाला आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना वाळवीने खाल्लेल्या ओळी परिचित असतात. येथे कीटकाने काही खाल्ले नाही, उलट तो संहितेत दाखल झाला.

चुंबकीय चित्रफीत आल्यावर स्थिती सुधारली असती, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलटे घडले. दोन इंच रुंदीची ती फीत महाग होती आणि तिचा मोठा गुण हाच मानला गेला की ती पुसून पुन्हा वापरता येते. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना परदेशी बाजारही उरला नाही. दाखवता येत नाही, विकता येत नाही, मग जपायचे कशासाठी, या हिशेबात दुष्टबुद्धी नव्हती. कार्यालयीन शहाणपण होते. त्या शहाणपणाला बळी पडलेल्यांची गणती मोठी आहे. पीटर कुक आणि डडली मूर यांच्या ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’चा मोठा भाग गेला. ॲलन बेनेट यांची 1966ची ‘ऑन द मार्जिन’ ही मालिका चित्ररूपाने उरली नाही. जानेवारी 1963मध्ये तरुण बॉब डिलन याने ज्यात काम केले होते ते ‘मॅडहाउस ऑन कासल स्ट्रीट’ हे नाटक पुसले गेले. ‘डॅड्स आर्मी’ या घराघरांत पोचलेल्या मालिकेच्या दुसऱ्या सत्रातील तीन भाग आजही नाहीत. जुलै 1969मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचे बीबीसीच्या स्टुडिओतील चित्रणही जपले गेले नाही. कार्यक्रम कायमचे जतन करण्याचे धोरण बीबीसीमध्ये 1978च्या सुमारास आले, आणि राष्ट्रीय दूरचित्रवाणी अभिलेखागाराची कायदेशीर तरतूद 1990च्या ब्रॉडकास्टिंग ॲक्टमध्ये झाली. तोपर्यंत निवड होऊन गेली होती. ती निवड समीक्षकांनी केली नव्हती. फीत कोणत्या कपाटात होती, तिच्यावर कोणती चिठ्ठी होती, परदेशी विक्रीसाठी चित्रपटप्रत काढली गेली होती की नाही, यांवर ती ठरली.

अभिजाततेच्या सिद्धांतासाठी ही गोष्ट गैरसोयीची आहे. सॅफोच्या कवितांचे तुकडे उरले, ग्रीक शोकात्मिकांपैकी बहुतेक गेल्या, हे खरे. परंतु तेथे शतकानुशतकांच्या नकलाकारांनी, शाळांनी, विद्वानांनी काय उतरून घ्यावे याचा काही विचार केला होता, म्हणजे उरण्यामागे मूल्यनिर्णयाचा अंश होता. दूरचित्रवाणीत तो अंश नगण्य आहे. आधी योगायोगाने काही उरले, मग उरलेल्यातून थोर ते निवडले गेले, आणि त्यानंतर थोर म्हणूनच ते उरले असावे असा समज रूढ झाला. ‘टीव्ही हेवन’सारखी संध्याकाळ हा समज दृढ करते. 1960 किंवा 1964 या वर्षाची म्हणून जी रात्र ती रचते ती त्या वर्षीच्या उरलेल्या फितींची रात्र असते.

पण हरवलेल्या फितींपेक्षाही खोल असा एक अभाव तिच्यात आहे. त्याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय रेमंड विल्यम्स यांचे. 1968 ते 1972 या काळात ते ‘द लिसनर’ या साप्ताहिकात दूरचित्रवाणीवर नियमित लिहीत असत. 1974मध्ये त्यांचा ‘टेलिव्हिजन : टेक्नॉलॉजी अँड कल्चरल फॉर्म’ हा ग्रंथ आला. अटलांटिक पार करून मायामीस पोचल्यावर एका रात्री हॉटेलच्या खोलीत ते चित्रपट पाहू लागले, तेव्हा जाहिराती आणि पुढच्या चित्रपटांच्या झलका त्यात अशा मिसळत गेल्या की एक कृती कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे त्यांना उमगेना. या अनुभवातून त्यांनी ‘प्रवाह’ ही संकल्पना घडवली. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक सुटा कार्यक्रम पाहत नाही, तो दूरचित्रवाणी पाहतो. प्रक्षेपणाचे एकक सबंध संध्याकाळ आहे. मार्च 1973मधील बीबीसीच्या दोन वाहिन्या, इंग्लंडच्या पूर्व भागातील अँग्लिया आणि सॅन फ्रान्सिस्कोतील दोन वाहिन्या यांची वेळापत्रके समोर ठेवून त्यांनी हा प्रवाह तीन पातळ्यांवर तपासला : आठवड्याची आखणी, एका संध्याकाळचा क्रम, आणि त्या क्रमातील शब्द-चित्रांची सलग साखळी. विल्यम्स यांच्यावर पुढे आक्षेप घेतले गेले. जॉन एलिस यांनी 1982मध्ये दूरचित्रवाणीचे खरे एकक प्रवाह नसून लहानलहान खंड आहेत, असा युक्तिवाद केला. तो बराचसा ग्राह्य आहे. तरीही इतिहासाच्या दृष्टीने विल्यम्स यांचे एक काम अनन्य ठरते. त्या मार्च महिन्यातील काही सामान्य संध्याकाळी त्यांच्या ग्रंथात क्रमासह टिपल्या गेल्या. अभिलेखागार सुटे कार्यक्रम ठेवते. संध्याकाळ समीक्षेच्या पुस्तकात उरली.

संध्याकाळ हे एकक मानले की तिची जडणघडण दिसू लागते, आणि तीत सत्तेचे अनेक धागे आढळतात. 1957पर्यंत ब्रिटनमध्ये सायंकाळी 6 ते 7 या तासात पडदा रिकामा असे. मुलांनी झोपी जावे आणि मोठ्यांनी सवडीने जेवावे म्हणून राज्याने मान्य केलेली ही पोकळी होती. 16 फेब्रुवारी 1957 रोजी ती उठली आणि त्या तासात ‘सिक्स-फाइव्ह स्पेशल’ हा तरुणांचा संगीत-कार्यक्रम आला. दोन दिवसांनी ‘टुनाइट’ आला. ज्या कार्यक्रमांना नंतर युगप्रवर्तक म्हटले गेले त्यांचा जन्म वेळापत्रकातील रिकाम्या घरातून झाला. 1964च्या सार्वत्रिक निवडणुकीत तर वेळापत्रकच राजकारणाचा विषय झाले. 15 ऑक्टोबरला, मतदानाच्या दिवशी, रात्री 8 वाजता ‘स्टेप्टो अँड सन’ या भंगारवाल्या बाप-लेकावरील अतिलोकप्रिय मालिकेचे पुनःप्रक्षेपण होणार होते. मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांना धास्ती वाटली की कामावरून परतलेला त्यांचा मतदार घरीच बसून राहील. त्यांनी बीबीसीचे महासंचालक ह्यू ग्रीन यांना गाठले. त्या जागी काय दाखवावे या प्रश्नावर विल्सन यांनी ग्रीक नाटक सुचवले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, अभिजाताचा एक उपयोग तीत अचूक सांगितला आहे. कार्यक्रम 9 वाजता, मतदान संपल्यावर दाखवला गेला. मजूर पक्षाला बहुमत मिळाले ते अवघ्या 4 जागांचे. ‘स्टेप्टो’चा तो भाग आज कोणी पाहिला तर त्याला उत्तम विनोदी लेखन दिसेल. त्या तासाचे वजन त्याला दिसणार नाही.

‘कॅथी कम होम’च्या बाबतीत क्रमाचा प्रश्न थेट अर्थनिर्णयाचा प्रश्न होतो. जेरेमी सँडफर्ड यांचे लेखन, केन लोच यांचे दिग्दर्शन आणि टोनी गार्नेट यांची निर्मिती असलेले हे नाटक 16 नोव्हेंबर 1966 रोजी बीबीसी-1वर ‘द वेन्सडे प्ले’ या मालेत आले. सुमारे 1 कोटी 20 लाख लोकांनी ते पाहिले. घर गमावलेल्या एका तरुण कुटुंबाची ही कहाणी. शेवटी आईपासून मुले हिरावली जातात. रस्त्यावर, हातात धरलेल्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण, मध्येच ऐकू येणारे अनोळखी लोकांचे आवाज, आकडेवारी सांगणारे निवेदन, ही सारी वार्तापटाची साधने होती. आणि नाटकाची वेळ होती रात्रीच्या बातम्यांच्या लगत. बातम्या कोठे संपल्या आणि नाटक कोठे सुरू झाले याची सीमा पुसट व्हावी, असा निर्मात्यांचा हेतूच होता; त्यावरूनच कल्पित आणि वास्तव यांची गल्लत केल्याचा आरोप त्यांच्यावर दीर्घकाळ होत राहिला. बातम्यांपासून तोडून, ‘ब्रिटिश दूरचित्रवाणीतील एक अभिजात नाटक’ अशी प्रस्तावना जोडून तेच दाखवले की ती सीमा प्रेक्षकाच्या मनात आधीच आखलेली असते. संहितेचा शब्दही बदललेला नसतो, तरी तिचे कथनतंत्र बदललेले असते. ‘शेल्टर’ ही बेघरांसाठी काम करणारी संस्था त्याच वर्षी 1 डिसेंबरला सुरू झाली. तिची तयारी आधीपासून चालू होती, पण या नाटकाने लोकांची मने तिच्यासाठी तयार केली, असे म्हणता येते.

याच्या उलट टोकाला ‘द फोर्साइट सागा’ आहे. गॉल्सवर्दी यांच्या कादंबऱ्यांवरील ही 26 भागांची मालिका जानेवारी 1967मध्ये बीबीसी-2वर शनिवारी सुरू झाली. पण बीबीसी-2 पाहण्यासाठी नवे संच लागत, ते सर्वांकडे नव्हते. सप्टेंबर 1968पासून ती बीबीसी-1वर रविवारी रात्री आली तेव्हा खऱ्या अर्थाने देशाने ती पाहिली. शेवटच्या भागाला सुमारे 1 कोटी 80 लाख प्रेक्षक होते, आणि काही चर्चनी सायंप्रार्थनेची वेळ बदलली. येथे माध्यमाने अभिजातता कादंबरीकडून उसनी घेतली होती, आणि तीही अशा कादंबरीकाराकडून ज्याची वाङ्मयीन प्रतिष्ठा व्हर्जिनिया वुल्फ यांच्या टीकेपासून ओसरत आली होती. पडद्याने ती परत मिळवून दिली. दूरचित्रवाणी साहित्याची ऋणको होती ती धनको झाली, त्या उलटापालटीची तारीख द्यायची तर ती याच रविवारांच्या आसपास द्यावी लागेल.

एकसंध ‘ब्रिटिश’ संध्याकाळ हीसुद्धा बरीचशी नंतर रचलेली कल्पना आहे. 22 सप्टेंबर 1955 रोजी सुरू झालेली व्यापारी दूरचित्रवाणी आयटीव्ही प्रदेशवार कंपन्यांची बनलेली होती. लंडनची रात्र आणि मँचेस्टरची रात्र वेगळी असे. डिसेंबर 1960मध्ये सुरू झालेली ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ आरंभी सर्व प्रदेशांत दिसतही नव्हती. 25 डिसेंबर 1977चा मोरकम आणि वाइज यांचा ख्रिसमस कार्यक्रम ही अर्ध्या देशाने एकत्र पाहिलेली संध्याकाळ म्हणून सांगितली जाते, पण त्या रात्रीच्या प्रेक्षकसंख्येचे 2 कोटी 80 लाख आणि 2 कोटी 10 लाख असे दोन आकडे प्रचलित आहेत. मोजणाऱ्या यंत्रणा वेगळ्या होत्या. आठवणीला मोठा आकडाच मानवतो.

मराठी वाचकाला या हरवलेल्या संध्याकाळींशी जोडणारा एक दुवा आहे. भारतात दूरचित्रवाणीची चाचणी सुरू होण्याच्या सुमारास, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, पु. ल. देशपांडे हे प्रशिक्षणासाठी बीबीसीत गेले होते. ‘अपूर्वाई’मधून मराठी घरांनी जे इंग्लंड पाहिले ते त्याच प्रवासाचे. तेव्हाच्या बीबीसीच्या स्टुडिओंत पुलंनी जी दूरचित्रवाणी घडताना पाहिली तिच्यातील फार थोडे आज कोणत्याही अभिलेखागारात आहे. पुस्तक उरले, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. ज्या माध्यमासाठी तो प्रवास झाला ते माध्यम त्या काळापुरते जवळजवळ निःशब्द आहे.

1992कडे परत यायचे तर, त्या वर्षी हा वारसा एकाएकी मौल्यवान का झाला, याचे उत्तर सौंदर्यशास्त्रात शोधून पुरत नाही. 1990च्या कायद्यानुसार आयटीव्हीचे परवाने लिलावात निघाले. ऑक्टोबर 1991मध्ये निकाल लागला आणि थेम्स टेलिव्हिजनने आपला परवाना गमावला. लाइम ग्रोव्हचे स्टुडिओ, जेथून 1954चा तो रविवार प्रक्षेपित झाला होता, 1991मध्ये बंद झाले. बीबीसी-2ने त्यांच्या निरोपादाखल ऑगस्टमध्ये एक सबंध दिवस दिला. नोव्हेंबर 1992मध्ये सरकारने बीबीसीच्या भवितव्यावर चर्चापत्रिका काढली. दोन संस्थांनी मिळून देशाची संध्याकाळ आखावी ही व्यवस्था संपत होती, आणि संपत असतानाच ती संध्याकाळ अभिजात ठरली. थेम्सच्या हाती प्रक्षेपणाचा हक्क राहिला नाही, जुन्या फिती राहिल्या. त्या ‘यूके गोल्ड’च्या भांडवलात जमा झाल्या. पूर्वी जी फीत पुसून पुन्हा वापरण्यात फायदा होता ती आता न पुसण्यात फायदा झाला. डेनिस पॉटर यांचे ‘ब्रिमस्टोन अँड ट्रीकल’ 1976मध्ये बीबीसीने स्वतःच रोखले आणि 1987मध्ये दाखवले. त्याला स्वतःच्या काळातील संध्याकाळ कधी मिळालीच नाही, तरी त्याची अभिजातांत गणना होण्यास अडचण आली नाही. बाजार आणि कॅनन या दोघांनाही सुटी कृतीच हवी असते. प्रवाहाला ग्राहक नसतो.

इतिहासकाराला त्या मूळ संध्याकाळीपर्यंत पोचवणारे मुख्य साधन मुद्रित आहे. बीबीसीने सुरू केलेले ‘रेडिओ टाइम्स’ हे साप्ताहिक 1923पासून निघते, आणि त्यातील कार्यक्रमांच्या याद्या 2014पासून संगणकावर पाहता येतात. ज्या रात्रीचे एकही चित्र उरलेले नाही तिचाही क्रम तेथे तासामिनिटांसह वाचता येतो. अर्थात तो आखलेला क्रम असतो. 20 एप्रिल 1964 रोजी बीबीसी-2चे उद्घाटन व्हायचे होते आणि यादीत त्या रात्रीचा थाट छापलेला आहे. प्रत्यक्षात बॅटरसी वीजकेंद्रातील बिघाडामुळे पश्चिम लंडन अंधारात गेले आणि वाहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी ‘प्ले स्कूल’ या मुलांच्या कार्यक्रमाने रीतसर सुरू झाली. 23 नोव्हेंबर 1963 रोजी ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग आला तो केनेडी यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

‘डॉक्टर हू’चे साठच्या दशकातील अनेक भाग बीबीसीने पुसले, परंतु त्यांच्या चित्रपटप्रती राष्ट्रकुलातील देशांना विकल्या गेल्या होत्या. त्यांपैकी 9 भाग नायजेरियातील जोस या शहरात सापडल्याचे ऑक्टोबर 2013मध्ये जाहीर झाले. लंडनच्या एका शनिवारची संध्याकाळ जुन्या वसाहतीतील प्रक्षेपणकेंद्राच्या फडताळात चाळीसएक वर्षे पडून होती. केंद्राने जपलेले नव्हते ते परिघावर उरले. ‘द वेब ऑफ फिअर’ या सहा भागांच्या कथेतील चार भाग या 9मध्ये होते, एक आधीच उपलब्ध होता. तिसरा मिळाला नाही. सुरुवातीला प्रकाशित झालेल्या आवृत्तीत त्या भागाच्या जागी पडद्यावरून टिपलेली स्थिर छायाचित्रे एकामागून एक सरकत राहतात, आणि त्यांच्यामागे सलग ध्वनी ऐकू येतो. तो ध्वनी बीबीसीने जपलेला नाही. 1968च्या त्या शनिवारी एका प्रेक्षकाने घरी, दूरचित्रवाणी चालू असताना, आपल्या ध्वनिमुद्रकावर तो उतरवून घेतला होता.